घरातल्या गोळीचा इतिहास



स्मरणिकेसाठी दरवर्षी मी लोणच्याचा किंवा मसाल्याचा एखादा प्रकार लिहून देते. यंदा चिटणीसबाई कागद मागावयास आल्या तेव्हा मी म्हटले, यंदा मला इतिहास लिहावयाचा आहे. त्या हसल्या. हसण्यासारखेच होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि इतिहास म्हणजे राजे, लढाया व सनावळ्या असेच मीही आजवर समजत आले. पण स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवलेल्या औषधांच्या डब्यालाही इतिहास असतो, हे मला गेल्या दीड वर्षात कळले. तो आधी कळला असता तर बरे झाले असते.

माझी पुतणी कॉलेजात इतिहास शिकते. तिने बाबूजी देशमुख वाचनालयातून आणि इकडून-तिकडून वाचून मला इंग्रजीतले मराठीत सांगितले. चुका असतील त्या माझ्या समजुतीच्या. आमच्या घरचे जे लिहिले आहे ते माझ्या मुलाला वाचून दाखवले आहे. त्याने दोन वाक्ये खोडावयास सांगितली, ती खोडली. बाकीचे “लिही” म्हणाला.

तर गोष्ट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यापासून सुरू होते. तीन वर्षांपूर्वी आमच्या यांचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला. ऑपरेशन झाले, पट्टी बसली. दुखणे फार, म्हणून डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या भारी गोळ्या लिहून दिल्या. सहा-सात दिवसांत दुखणे उतरले आणि उरलेल्या गोळ्या मी डब्यात टाकल्या. पैशाची वस्तू टाकून कशी द्यावयाची? चिठ्ठीसुद्धा त्याच डब्यात घडी घालून ठेवली. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा डबा नाही ते सांगा.

पुढच्या वर्षी धाकटा अकरावीत गेला. क्लास, कॉलेज, पुन्हा क्लास. डोके दुखते म्हणाला, तेव्हा एकदा त्याला त्यातली अर्धी गोळी मीच दिली. हे लिहिताना हात थांबतो, पण खरे आहे ते लिहिलेच पाहिजे. त्या रात्री तो गाढ झोपला. सकाळी म्हणाला, “आई, किती दिवसांनी बरं वाटलं.” मला आनंद झाला.

आता थोडे मागे जाते.

आमच्या सासूबाईंचा जन्म १९५२ सालचा, बाळापूर तालुक्यातला. त्यांची आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाई. लेकरू झोळीत घालून बाभळीच्या सावलीला टांगावयाचे आणि आपण ओळीला लागावयाचे. लेकरू रडले की मुकादम रागावे. म्हणून घरून निघतानाच मोहरीएवढी अफू दुधात किंवा पाण्यात उगाळून त्याच्या जिभेला लावीत. त्या काळी परवान्याच्या दुकानात अफू विकत मिळे. “मले बी माय चाटवे,” असे सासूबाई सहज सांगतात, जशी आपण गुटी घेतली असे सांगावे तसे. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा एक भाऊ होता. तो झोळीत निजला तो उठला नाही. अफूमुळेच गेला असे आज कोणी खात्रीने सांगू शकणार नाही, त्या काळी लेकरे अनेक कारणांनी जात. पण सासूबाईंच्या आईने पुढे धाकट्या दोघांना अफू दिली नाही, एवढे त्या सांगतात.

ही चाल काही एकट्या वऱ्हाडाची नव्हती. मुंबईत तर तिचा मोठा व्यापार होता. अफूत जायफळ वगैरे घालून वळलेल्या लहान गोळ्या विकावयास असत, त्यांना बाळगोळी म्हणत. गिरणीत काम करणाऱ्या बायांच्या अवस्थेची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या एका स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली होती. १९२२ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी लिहिले की गिरणीतल्या बायांच्या शंभर मुलांपैकी निदान अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते. पुतणीने हा आकडा वाचला तेव्हा मी तिला पुन्हा वाचावयास सांगितले. अठ्ठ्याण्णव! म्हणजे न देणारी आईच निराळी म्हणावयाची.

त्या बाया काही दुष्ट नव्हत्या. दहा-अकरा तास गिरणीत उभे राहावयाचे, खोली एक, माणसे सात-आठ, लेकराजवळ एखादी म्हातारी किंवा सहा वर्षांची बहीण. रडणारे लेकरू गप्प राहिले तरच नोकरी राहणार. आणि अफूचे गुण तरी पाहा. दुखणे थांबते, खोकला थांबतो, ढाळ लागली असेल तर तीही थांबते, लेकरू शांत निजते. आईला वाटणार, औषध लागू पडले. ते लेकरू भुकेलेही रडत नाही, म्हणून दूध पीत नाही, दिवसेंदिवस वाळते, आणि गोळी थोडी मोठी वळली गेली तर श्वासच मंद होत जातो, हे तिला कोण सांगणार? तिला तिच्या सासूने शिकवले, सासूला तिच्या सासूने.

सरकारला कळत नव्हते असे नाही. अफूच्या उत्पन्नावर इंग्रजांचा खजिना चाले. त्यांनीच १८९३ साली एक मोठे कमिशन नेमले, त्याने पुष्कळ साक्षी घेतल्या, आणि १८९५ मध्ये निकाल दिला तो असा की हिंदुस्थानातल्या लोकांना अफूपासून म्हणण्यासारखा अपाय नाही. एखाद्या बाळंतिणीची साक्ष घेतली असती तर काय निकाल लागला असता कोण जाणे.

बाळगोळी मागे हटली ती नुसत्या उपदेशाने नव्हे. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. आदल्या वर्षी विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने, पन्नासांहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर असलेच पाहिजे असे ठरले. १९४९ साली स्वतंत्र भारत सरकारने राज्यांची परिषद घेऊन असा निर्णय केला की दुकानांतून विकली जाणारी अफू दरवर्षी एक दशांशाने कमी करीत न्यावयाची आणि १९५९ च्या मार्चअखेर औषधाखेरीज तिचा वापर पूर्ण थांबवावयाचा. मला या सगळ्यात एक गोष्ट विशेष वाटली. दहा वर्षे लावून, थोडी थोडी कमी करीत थांबवली. एका रात्रीत हिसकावून घेतली नाही. जे शहाणपण सरकारला सुचले ते मला माझ्या घरात सुचले नाही, ते पुढे सांगते.

अफूचे दुकान गेले म्हणून अफू गेली असे मात्र झाले नाही. तिने रूप बदलले. आपल्या अकोल्याहून खांडव्याकडे जी जुनी मीटरगेज गाडी जात असे, ती पुढे इंदूर, रतलाम, नीमच अशी जाई. त्या नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे. खसखशीच्या बोंडाचा चीक तेथे जमा होतो आणि त्यातून औषधाची द्रव्ये काढतात. आपण अनारशाला लावतो ती खसखस त्याच बोंडातली, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल. अफूतून मॉर्फिन वेगळे काढण्याची विद्या एका जर्मन औषधवाल्याने १८०५ च्या सुमारास साधली. त्याच झाडातले दुसरे द्रव्य कोडीन, ते खोकल्याच्या औषधात पडते. १८९८ साली बायर या जर्मन कंपनीने मॉर्फिनवर प्रक्रिया करून खोकल्यावरचे नवे औषध म्हणून हेरॉईन विकावयास काढले. होय, हेरॉईन हे औषधाचेच नाव होते! आणि अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लो नावाच्या बाईंचे एक सरबत घरोघरी खपत होते, दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी. त्यात मॉर्फिन असे. म्हणजे बाळगोळी तिकडेही होती, फक्त बाटलीत भरलेली आणि सुंदर चित्राच्या जाहिरातीची. तिकडच्या आया शिकलेल्या होत्या, तरी फसल्या.

१९६२ साली जर्मनीतच ट्रामाडोल नावाचे द्रव्य बनवले गेले. हे झाडातून काढलेले नव्हे, प्रयोगशाळेत घडवलेले, पण मेंदूत जाऊन काम करते ते अफूच्याच जागेवर. आमच्या डब्यातली गोळी ती हीच.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर भगिनी घाबरून तापाची गोळीही फेकून देतील. प्रत्येक दुखण्याची गोळी अफूच्या कुळातली नसते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचे कूळ निराळे. त्याही मनाला येईल तशा घेतल्या तर यकृत, मूत्रपिंड, जठर यांना इजा होते, पण त्यांची अशी ओढ लागत नाही. कोडीन, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल आणि मॉर्फिन हे मात्र एका कुळातले. आणि हेही सांगते की कॅन्सरच्या रोग्याला मॉर्फिन म्हणजे केवळ दया आहे. आमच्या गल्लीतल्या काकूंनी शेवटचे दोन महिने त्याच्याच आधारावर सुखाने काढले. गोळी वाईट नाही. डब्यात उरलेली गोळी वाईट.

आता आमच्या घरी येते. डब्यातल्या गोळ्या कमी होत होत्या आणि मला पत्ताही नव्हता, कारण मी त्या कधी मोजल्याच नव्हत्या. भाजीवाल्याचे सुटे पैसे मी दोनदा मोजते, गोळ्या मोजल्या नाहीत. मुलगा क्लासहून येऊन बसल्या बसल्या डुलक्या घेई. वाटले, अभ्यासाचा शीण. अंग खाजवी. वाटले, अकोल्याचा उन्हाळा, घामोळे. पोट साफ होत नाही म्हणे, तेव्हा एरंडेल दिले. भर दुपारी अंधाऱ्या खोलीतही त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत, ते मी पाहिले आणि विसरले. मग कधी कधी उलटेच होई. एखादा दिवस नाक गळे, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब, आणि स्वभाव असा की बोलावयास जावे तर अंगावर येई. दोन दिवसांत पुन्हा शांत. मी आपली दृष्ट काढीत होते.

एक दिवस चिठ्ठी शोधावयास डबा उघडला तर चिठ्ठी नाही. त्याच्या दप्तरात सापडली, घड्यांवर फाटून चार तुकडे व्हावयास आलेली. गोळ्यांची तीन रिकामी पाकिटे सापडली, ती आमच्या डब्यातली नव्हती. बापाच्या नावाची जुनी चिठ्ठी दाखवून तो दुकानातून गोळ्या आणीत होता. कोणत्या दुकानातून ते येथे लिहीत नाही.

मी काय केले? आधी मारले. मग दप्तर उलटे केले, मोबाईल हिसकावला, खोलीला बाहेरून कडी घातली. यांनी ठरवले की मूर्तिजापूरला मामाकडे धाडावयाचे, शेतात राबला की अक्कल येईल. शेजारी काय म्हणतील म्हणून मी रेडिओ मोठ्याने लावला. तो आत कण्हत होता आणि बाहेर गाणी चालली होती. दुसऱ्या रात्री त्याला उलट्या होऊ लागल्या, घामाने अंथरूण भिजले. तेव्हा सासूबाई उठल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी रात्री उठत नाहीत.

म्हणाल्या, “काहून मारून राह्यली व त्याले? डबा कोनाचा हाय? चिठ्ठी कोनाची हाय? पहिली गोळी कोनं देल्ली?” मी काही बोलू शकले नाही. मग त्यांनी कडी काढली, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, “माह्या मायनं मले चाटवली. मायचा काही गुन्हा नव्हता अन् माहाही नव्हता. लेकराले दवाखान्यात ने.”

इतिहास मी तेथे शिकले. पुस्तके नंतर आली.

सकाळी आम्ही त्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. ‘मनोविकार’ ही पाटी वाचून हे रस्त्यावरच थबकले होते, तेही लिहिते. डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती ही की आम्हा दोघांना बाहेर बसवले आणि अर्धा तास मुलाशी एकट्याने बोलले. मला राग आला. माझा मुलगा, आणि मीच बाहेर! पण त्या अर्ध्या तासात त्याने जे सांगितले ते मला वर्षभरात सांगितले नव्हते. झोप येत नव्हती, क्लासच्या परीक्षेत खाली गेला होता, बापाचा खर्च झाला म्हणून बोलण्याची हिंमत नव्हती, आणि गोळी घेतली की दोन-चार तास काही वाटतच नसे.

मग डॉक्टरांनी आम्हाला आत घेतले. म्हणाले, कोंडून ठेवले ते फार धोक्याचे होते. सवय झालेल्या शरीरातून हे द्रव्य एकदम तोडले की असेच हाल होतात, आणि हाल सोसवेना म्हणून मूल पुन्हा गोळीकडे धावते. मधल्या काळात शरीराची सोसण्याची ताकद कमी झालेली असते, तेव्हा पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. ट्रामाडोल जास्त घेतले तर झटकेही येतात. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्यासोबत घेतले तर श्वास थांबू शकतो. मूल हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास हळू पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लिंबू-ताक पाजीत बसू नये. कुशीवर वळवावे, १०८ ला फोन लावावा आणि काय घेतले असेल ते पाकीट सोबत न्यावे. मी विचारले, घरी लघवी तपासण्याची पट्टी मिळते, ती चोरून करू का? म्हणाले, नको. साध्या पट्टीत ट्रामाडोल दिसतच नाही, आणि मुलाला कळले तर उरलासुरला विश्वास जाईल. संशय असेल तर सरळ विचारा, पण तो शुद्धीत असताना, तुमचा राग उतरलेला असताना आणि दोघांनाच ऐकू जाईल असे. पहिल्या प्रश्नात “का घेतलीस” असे विचारू नका. “किती दिवसांपासून त्रास होतो आहे” असे विचारा. हे एक वाक्य मी घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले.

या विचाराची महाराष्ट्रातली वाट कोणी पाडली तेही सांगावयास हवे. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्याकडे गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली. तीही हेरॉईनचेच कूळ. चांगल्या घरची मुले त्यात सापडली. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी मदत देऊ केली. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. तोपर्यंत असा मुलगा घरात निघाला की पोलीस, नाही तर बुवा, नाही तर दार बंद, एवढेच मार्ग आईबापांना माहीत होते. हा आजार आहे, बाहेरून कुलूप लावून तो बरा होत नाही, आणि घरच्यांनाही उपचारात बसवले पाहिजे, हे तेथे लोकांना दिसले. रोग्यांच्या बायकांसाठी तेथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. डॉ. अनिताबाई १९९७ साली कॅन्सरने गेल्या. काम चालू राहिले, त्यांची मुलगी मुक्ता पुढे आली.

पुण्यापर्यंत सगळ्यांना जाणे होत नाही, आम्हालाही जावे लागले नाही. आपल्या सर्वोपचार रुग्णालयात मनोविकाराचा विभाग आहे. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा फोन नंबर फुकट लागतो, आणि मन फार अस्वस्थ असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, तो १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. त्यावर मराठीत बोलता येते. यांना भीती होती की दवाखान्यात गेलो तर पोलिसात नाव जाईल. पुतणीने कायदा काढून दाखवला. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातच अशी तरतूद आहे की थोड्या द्रव्यापायी अडकलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला तर त्याच्यावर खटला चालवावयाचा नाही. हे पुष्कळ आईबापांना माहीत नसते आणि या भीतीपायी महिने जातात.

दुसऱ्या बाजूला दुकानदारांना मात्र कायदा कडक आहे. १ मार्च २०१४ पासून काही औषधांची वेगळी यादी लागू झाली. त्यातली औषधे विकताना दुकानदाराने रोग्याचे नाव, डॉक्टरचे नाव आणि किती दिले ते वहीत लिहावयाचे आणि ती वही तीन वर्षे सांभाळावयाची. २६ एप्रिल २०१८ रोजी ट्रामाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या सांगण्यावाचून अल्पवयीन मुलाला असे द्रव्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वही आहे, कायदा आहे, आणि तरीही माझ्या पोराला फाटक्या चिठ्ठीवर गोळ्या मिळाल्या. आम्ही त्या दुकानात गेलो, शांतपणे बोललो, आणि पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज दिला. हे काम एकटीने करावयास भीती वाटते. मंडळाच्या चार जणी सोबत आल्या, त्यांचे उपकार येथे मानते.

आपलेच पोर असे निघाले म्हणून कोणी मान खाली घालीत असेल तर तिला हे सांगावेसे वाटते. दिल्लीच्या एम्सने सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात अफूच्या कुळातले काही ना काही घेणारे शंभरात दोघे निघाले, आणि त्यातही दुकानात मिळणारी औषधे घेणाऱ्यांची संख्या कच्ची अफू घेणाऱ्यांपेक्षा जास्त. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या लहानपणी जी वस्तू परवान्याच्या दुकानातून येत असे, ती आता पाकिटातून येते. अमेरिकेत १९९६ साली एका कंपनीने अशीच एक दुखण्याची गोळी आणली, तिची ओढ फारशी लागत नाही असे डॉक्टरांना सांगितले, आणि २००७ साली न्यायालयात फसवणूक कबूल केली. तोवर लाखो घरांत ती गोळी पोहोचली होती, आणि तेथेही मुलांच्या हाती ती आधी लागली ती आईबापांच्या कपाटातूनच. आपल्या मंडळातल्या एकीची लेक न्यू जर्सीला आहे. तिच्याकडे औषधांच्या कपाटाला कुलूप असते, असे तिने सांगितले तेव्हा आम्ही हसलो होतो.

आमच्या मुलाला डॉक्टरांनी हळूहळू सोडवले. किती आणि कसे ते लिहीत नाही, कारण वाचून कोणी घरी करावयास जाईल. चार महिने लागले. मध्ये एकदा तो पुन्हा घसरला. त्या दिवशी मी मारले नाही, रेडिओही लावला नाही. त्याने स्वतः येऊन सांगितले होते. मोठा क्लास सोडला. बारावीला त्याला जेमतेम टक्के पडले, आणि हे पहिल्यांदा काही बोलले नाहीत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला कावड आणणाऱ्यांत तो यंदा होता. पाय सोलले, खांदा सुजला. रात्री म्हणाला, “आई, दुखतंय, पण गोळी नको, तेल लाव.” मी तेल लावले. उगाच मोठे काही झाले असे मानीत नाही. डॉक्टर म्हणतात, अजून वर्ष-दोन वर्षे लक्ष ठेवा.

उरलेल्या गोळ्या आम्ही दवाखान्यात परत नेऊन दिल्या, आणि यांची जुनी चिठ्ठीही फाडली. डबा तोच आहे, पण आता त्याला कुलूप आहे आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. झाकणाच्या आत कागद चिकटवला आहे. कोणती गोळी, कोणासाठी, किती आणल्या, किती राहिल्या. दर रविवारी सकाळी चहा झाला की सासूबाई आणि नातू समोरासमोर बसून गोळ्या मोजतात. गेल्या रविवारी एक कमी भरली. माझ्या पोटात धस्स झाले, मी ओट्यापाशीच उभी राहिले. मुलगा आजीकडे बघत होता आणि आजी छताकडे. गुडघ्यांसाठी रात्री त्यांनीच घेतली होती आणि कागदावर लिहावयास विसरल्या होत्या.